शेतमालाच्या धोरणाचा हिशेब कोण मांडतो?



मृग जवळ आला की खरिपाचे हमीभाव जाहीर होतात. त्या दिवशी गावच्या पारावर आणि बाजार समितीच्या आवारात एकच चर्चा असते. यंदा किती वाढले? काहीजण समाधान मानतात, बहुतेक नाराज होतात. पण हा आकडा आला कोठून, तो कोणी काढला, त्यासाठी कोणाच्या शेतातील नोंदी वापरल्या, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

मी सस्यशास्त्राचा शिक्षक आहे. पेरणीचे अंतर, खताची मात्रा, तणनियंत्रण हे माझे विषय. अर्थशास्त्रज्ञांच्या शिवारात मी पाय का टाकतो आहे, असे आपणांस वाटेल. त्याचे कारण असे की, शेतीचे धोरण ठरविण्यासाठी शासनाच्या अंगी जी अभ्यासाची ताकद लागते, ती शेतातल्या मोजमापावर उभी असते. हे मोजमाप कच्चे असेल तर वरचे कितीही विद्वान बसवा, निर्णय चुकतोच. विकसनशील देशांत हे वारंवार घडले आहे.

धोरणाचा अभ्यास म्हणजे काय?

आम्ही विद्यापीठात एखाद्या वाणाला खताची शिफारस करतो तेव्हा आधी प्रयोग घेतो. काही वाफ्यांना खत देतो, एक वाफा तसाच ठेवतो, हे तीन-चार वेळा आणि दोन-तीन हंगाम करतो आणि मगच शिफारस छापतो. शासनाला ही सोय नाही. निर्यातबंदी अर्ध्या तालुक्यावर लावून उरलेला अर्धा तुलनेसाठी मोकळा ठेवता येत नाही. निर्णय झाला की तो सर्वांवर एकदमच लागू होतो. म्हणून निर्णयापूर्वी कागदावर प्रयोग करावा लागतो. भाव इतका ठेवला तर किती क्षेत्र वाढेल, माल कोण घेईल, साठवणार कोठे, खाणाऱ्याला काय पडेल, पाणी किती लागेल, कोणाचा तोटा होईल? या कागदावरच्या प्रयोगाला धोरण विश्लेषण म्हणतात. त्यासाठी खरे आकडे हवेत, ते हाताळणारी शिकलेली माणसे हवीत, आणि नकोसे उत्तर आले तरी ते दडपले जाणार नाही अशी व्यवस्था हवी.

मलावीचा धडा

आफ्रिकेच्या दक्षिण भागातील मलावी हा छोटा देश. मका हे तेथील मुख्य अन्न. त्याचे पीठ शिजवून केलेला घट्ट गोळा लोक दोन्ही वेळ खातात. १९९९ व २००० या दोन्ही वर्षी मक्याचे पीक उत्तम आले. सरकारी राखीव साठ्यात मका पडून होता, त्यावर कर्ज होते, साठवणुकीचा खर्च वाढत होता. साठा कमी करावा, असे ठरले. तो किती कमी करावा आणि हा सल्ला नेमका कोणाचा, यावर मलावीचे सरकार व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्यात पुढे बराच वाद झाला. एवढे खरे की, २००१ साली सरकारी कोठारे जवळजवळ रिकामी झाली होती.

त्याच वर्षी अतिवृष्टी व पूर यांमुळे मक्याचे उत्पादन मोठ्या प्रमाणात घटले. तरीही धोक्याची घंटा वेळेवर वाजली नाही, कारण सरकारी अंदाजपत्रकात कसावा व रताळी यांचे उत्पादन भरघोस दाखवले होते. मका कमी पडला तर लोक कंद खातील, तूट भरून निघेल, असा हिशेब कागदावर जुळत होता.

येथे थोडे थांबून या पिकाविषयी सांगितले पाहिजे. कसावा म्हणजे ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो ते झाड. मक्याची कणसे एकदाच खुडली जातात, त्यामुळे ठराविक वाफा मोजून हेक्टरी उत्पादन काढता येते. कसाव्याचे तसे नाही. लागवडीनंतर आठ-नऊ महिन्यांनी कंद खाण्याजोगा होतो आणि पुढे कित्येक महिने जमिनीतच राहू शकतो. घरात पीठ संपले की बाई जाऊन दोन झाडे उपटून आणते. उरलेली झाडे या वर्षाच्या उत्पादनात धरायची की पुढच्या? शिवाय ओल्या कंदात निम्म्याहून अधिक पाणी असते. एक टन कसावा म्हणजे एक टन मका नव्हे. ज्याने हे पीक हाताळले आहे त्याला हा फरक लगेच कळतो, पण बेरीज करणाऱ्या कारकुनापुढे फक्त टन असतात.

परिणाम भयंकर झाला. बाजारात मक्याचे भाव कित्येक पटींनी वाढले. परदेशातून मागविलेला मका वाहतुकीच्या अडचणींमुळे उशिरा पोचला. लोकांनी पीक हिरवे असतानाच कापून खाल्ले. २७ फेब्रुवारी २००२ रोजी राष्ट्राध्यक्ष बकिली मुलुझी यांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली, तोवर माणसे दगावली होती. किती दगावली याचे अंदाज काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत आहेत. मेलेल्यांचीही नीट मोजणी नाही, यावरून काय ते समजावे.

मलावीत हुशार अधिकारी नव्हते असे नाही. बाहेरचे सल्लागारही भरपूर होते. पण मक्याची तूट कंदांनी भरून निघेल, हा आकडा शेतात जाऊन ताडून पाहण्याची ताकद सरकारजवळ नव्हती. भाव चढू लागले तेव्हा तरी, पीक भरपूर आहे तर भाव का चढतो, एवढा साधा प्रश्न विचारून अंदाज पुन्हा तपासायला हवा होता.

आपल्याकडे ही व्यवस्था कशी उभी राहिली?

आपला देश १९६० च्या दशकात अशाच कड्यावर उभा होता. १९६५ व १९६६ ही लागोपाठ दुष्काळाची वर्षे. १९६६ साली सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. मिलोची ज्वारी आणि अमेरिकेचा लाल गहू घरातील वडीलधाऱ्यांना आजही आठवतो. त्या आधी, १९६४ साली, एल. के. झा यांच्या समितीने धान्याच्या भावाचा कायम अभ्यास करणारी एक स्वतंत्र संस्था असावी असे सुचविले होते. त्यानुसार जानेवारी १९६५ मध्ये कृषि मूल्य आयोग स्थापन झाला. त्याचे पहिले अध्यक्ष होते मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक एम. एल. दांतवाला. मार्च १९८५ पासून हाच आयोग कृषि उत्पादन खर्च व मूल्य आयोग या नावाने ओळखला जातो.

परंतु आयोग नेमला म्हणजे आकडे आपोआप येत नाहीत. सुदैवाने त्यासाठीची मशागत आधीच सुरू झाली होती, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी स्वातंत्र्यापूर्वीच वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी केली होती. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगाची शास्त्रीय पद्धत बसविली. चिठ्ठी टाकावी तशी गावे, शेते व वाफा निवडायचा, तेवढाच भाग कापून, मळून, वजन करायचे. त्यापूर्वी पीक ‘इतके आणे आले’ असे नजरेने ठरवीत. नजर अंदाज करणाऱ्याची असते, त्यामुळे चांगल्या वर्षी अंदाज कमी आणि वाईट वर्षी जास्त निघे. आजही आपल्या गावात तलाठी किंवा कृषि सहायक वाफा आखून कापणी घेतात ती याच पद्धतीने. पीक विम्याची भरपाईही वर्षानुवर्षे याच प्रयोगांवर ठरत आली आहे.

उत्पादन खर्चाचेही तसेच. १९५४-५५ पासून केंद्र शासनाने काही निवडक भागांत शेती व्यवस्थापनाच्या पाहण्या घेतल्या. त्यांत त्यावेळच्या मुंबई राज्यातील नाशिक व अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) हे जिल्हे होते, आणि त्यावेळी मध्यप्रदेशात असलेले अकोला व अमरावती हेही होते. तेथे दोन पद्धती शेजारी शेजारी वापरून पाहिल्या. एकीत माणूस गावात राहून रोजच्या रोज नोंद घेई. दुसरीत हंगामानंतर येऊन शेतकऱ्याला आठवेल ते विचारून घेई. या अनुभवातून १९७०-७१ मध्ये प्रमुख पिकांच्या लागवड खर्चाची व्यापक योजना सुरू झाली. तीत रोजच्या नोंदीची पद्धत ठेवली गेली. निवडलेल्या गावसमूहात १० शेतकरी घेतात. धारणेप्रमाणे पाच गट करून प्रत्येक गटातून दोन, म्हणजे अल्पभूधारकही येतो आणि बागायतदारही. आपल्या राज्यात हे काम राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठामार्फत चालते. पुढे १९९१ साली भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने दिल्लीत कृषि अर्थशास्त्र व धोरण संशोधनासाठी वेगळे केंद्रही काढले.

हे सर्व उभे राहण्यास तीस-चाळीस वर्षे लागली. परदेशी सल्लागार वर्षभर बोलावून हे होत नाही. मोजणारा, हिशेब करणारा, शिकविणारा आणि प्रश्न विचारणारा अशी माणसांची पिढी घडवावी लागते. माझ्या मते आपल्या कृषि विद्यापीठांचे हे काम नव्या वाणांइतकेच मोलाचे आहे, पण त्याला शिवारफेरीत फलक नसतो.

एक क्विंटल सोयाबीनचा खर्च

आता हिशेबाकडे वळू. आयोग खर्चाचे अनेक प्रकार मांडतो; त्यांपैकी तीन आपण समजून घेऊ. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, ते कोणत्याही पाहणीतील नाहीत.

समजा, एक एकर सोयाबीन आहे. बियाणे २,५०० रुपये, खते २,८००, तणनाशक व कीटकनाशक २,७००, ट्रॅक्टर व बैलजोडी ४,५००, रोजंदारी मजुरी ६,००० आणि अवजारांचा घसारा, शेतसारा, खेळत्या भांडवलावरील व्याज मिळून १,५००. एकूण २०,००० रुपये. जमीन खंडाने घेतली असेल तर दिलेला खंडही यात मिळवायचा. हा झाला ‘ए-२’ खर्च.

घरच्या माणसांनी १५ दिवस काम केले. गावात चालू असलेल्या मजुरीने, ४०० रुपये रोज धरल्यास, त्याचे ६,००० रुपये होतात. ते मिळवून २६,००० झाले. याला ‘ए-२ अधिक कुटुंब श्रम’ म्हणतात. आता स्वतःच्या जमिनीचा खंड आणि विहीर, मोटार, अवजारे यांत गुंतलेल्या पैशावरचे व्याज, समजा १०,००० रुपये धरले, तर ३६,००० रुपये हा ‘सी-२’ खर्च झाला. भुसा विकला असेल तर त्याची किंमत वजा करायची.

एकरी ८ क्विंटल उतारा आल्यास क्विंटलचा खर्च पहिल्या हिशेबाने (कुटुंब श्रमासह) ३,२५० रुपये आणि सी-२ प्रमाणे ४,५०० रुपये येतो. दीडपट केल्यास ४,८७५ आणि ६,७५०. हमीभावाचा सगळा वाद या दोन आकड्यांमधल्या अंतराचा आहे. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००६ पर्यंत दिलेल्या अहवालांत खर्चावर किमान ५० टक्के अधिक भाव असावा असे सुचविले. केंद्र शासनाने २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात दीडपटीचे तत्त्व स्वीकारले, ते कुटुंब श्रमासह ए-२ खर्चावर. शेतकरी संघटनांची मागणी सी-२ ची आहे. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये होता. त्यामागे ३,५५२ रुपये खर्च धरला होता. हा साऱ्या देशाचा सरासरी खर्च आहे. आपल्या शेतात ८ ऐवजी ६ क्विंटल आले तर वरच्याच उदाहरणात खर्च ४,३३३ रुपयांवर जातो, हे आपणच पाहा.

आणि हे झाले कागदावरच्या भावाचे. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना राज्यातील अनेक बाजारांत सोयाबीन त्याखाली विकले गेले. भाव ठरविण्याची ताकद एक, आणि खरेदी केंद्र, बारदाना, गोदाम, वेळेवर चुकारे ही अंमलबजावणीची ताकद दुसरी. आपल्याकडे पहिली बऱ्यापैकी आहे, दुसरी फारच तोकडी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मंगळवारची खुरपणी

पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मी एकदा मराठवाड्यातील एका गावी पाहणीच्या नोंदी पाहण्यास गेलो होतो. कोणती पाहणी, कोणते कार्यालय, ते येथे महत्त्वाचे नाही. नोंदी घेणारा तरुण आठ दिवसांनी आला होता आणि एकाच बैठकीत आठवड्याचे रकाने भरत होता. त्याच्याकडे गावे जास्त, दुचाकीचे पेट्रोल स्वतःच्या खिशातून. त्यालाही एकट्याला दोष देता येणार नाही. मालक ओट्यावर बसून सांगत होते, ‘रोजानं चार बाया लावल्या, तीनशे दिले.’ मजूर, दिवस, रक्कम असे रकाने भरत गेले. तेवढ्यात आतून मालकांच्या आई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘आन् साहेब, मंगळवारी आम्ही दोघी सासू-सुना दिसभर खुरपत व्हतो, ते कुठं धरलं?’

मालक हसले. ‘ते घरचंच काम हाय, त्याचं काय लिवायचं?’

तरुणाने माझ्याकडे पाहिले. मग खोडून दोन स्त्री-दिवस वाढविले. मी मागची पाने उलटली. तीन आठवड्यांत घरच्या बायकांचे एकही काम नव्हते.

वरच्या उदाहरणात १५ ऐवजी १० दिवसच नोंदले गेले असते तर एकरी २,००० रुपये, म्हणजे क्विंटलला २५० रुपये खर्च कमी दिसला असता आणि दीडपटीच्या भावात ३७५ रुपये. एका घराने विसरल्याने देशाची सरासरी हलत नाही. पण ‘घरचंच काम’ असे म्हणणारी घरे किती असतील?

कांद्याचे उदाहरण

कागदावरचा प्रयोग करताना पिकाची जात व हंगाम कळणे किती आवश्यक आहे, ते कांद्यावरून ध्यानात येईल. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने कांद्याची निर्यात बंद केली. ती ४ मे २०२४ रोजी किमान निर्यात मूल्य व शुल्क ठेवून उठविण्यात आली. शहरातील ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा हा हेतू होता आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. कांदा खाणारे मजूरही आपलेच. पण डिसेंबरात बाजारात असतो तो खरिपाचा लाल कांदा, त्यामागून रांगडा. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो, लाल कांदा टिकत नाही. भाव पडला म्हणून शेतकऱ्याला थांबता येत नाही. आज नाही तर चार दिवसांनी विकावाच लागतो. म्हणजे तीच बंदी ज्या महिन्यात लावाल त्यानुसार तिचा भार वेगवेगळ्या माणसावर पडतो. हा हिशेब निर्णयापूर्वी मांडून लोकांपुढे ठेवला असता, तर निदान लाल कांद्यासाठी खरेदीची किंवा अनुदानाची सोय आधी करता आली असती.

मूल्य आयोगाचे अहवाल छापले जातात आणि संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. त्यांत आयोगाने काय धरले, काय सोडले ते दिसते. निर्यात-आयातीच्या निर्णयांमागचा अभ्यास तसा समोर येत नाही. तो यावा, अशी मागणी शेतकऱ्यांनी करण्यासारखी आहे. भाववाढीच्या मागणीइतकी ती आकर्षक वाटणार नाही, हे मला मान्य आहे.

आपण काय करावे?

आपल्या गावात पीक कापणी प्रयोग असेल तर त्या दिवशी हजर राहावे. वाफा चिठ्ठीप्रमाणे निवडला का, बांधाकडचा किंवा खताच्या उकिरड्याजवळचा घेतला का, वजन कोरडे होते का, हे पाहावे व पंचनाम्यावर वाचून सही करावी. चांगले पीक दाखविण्याचा मोह किंवा विम्यासाठी वाईट दाखविण्याचा मोह, दोन्ही टाळावेत. खोटा आकडा पुढे कोणत्या बाजूने अंगावर येईल हे सांगता येत नाही. आयोग प्रत्येक हंगामापूर्वी शेतकरी प्रतिनिधींशी चर्चा करतो, आयोगावर शेतकऱ्यांचे अशासकीय सदस्य नेमण्याचीही तरतूद आहे. तेथे जाणाऱ्याच्या हाती निवेदनाबरोबर गावातील दहा शेतकऱ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या असतील, तर त्याच्या बोलण्याला वजन येते.

वहीसाठी साधी शंभर पानी वही पुरते. डाव्या पानावर तारीख, शेताचे नाव, पीक व काम लिहावे. उजव्या पानावर गडी, बायका, बैल, ट्रॅक्टरचे तास आणि रोख रक्कम. रोजाची माणसे व घरची माणसे यांचे रकाने वेगळे ठेवावेत, आणि घरच्या रकान्यात बायकांचे तास त्यांनाच विचारून भरावेत. शेणखत घरचे असले तरी गाड्या मोजाव्यात. ज्या दिवशी काम झाले नाही त्या दिवशी ‘काम नाही’ असे लिहावे. जागा कोरी ठेवू नये, कारण पुढे वाचणाऱ्याला काम झाले नाही की लिहायचे राहिले, ते कळत नाही. वही रोज दिवेलागणीला भरावी. आठवड्याची एकदम भरायला बसल्यास मंगळवार हटकून राहतो.